कोळंबी आणण्याआधी टाकी कशी तयार करायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान चेरी श्रिम्पबद्दल आहे. दुकानात लाल, पिवळ्या, निळ्या, केशरी अशा ज्या इवल्याशा शोभेच्या कोळंब्या दिसतात, त्यातल्या बहुतेक एकाच जातीच्या असतात: निओकॅरिडिना डेव्हिडी. मूळच्या पूर्व आशियातल्या गोड्या पाण्यातल्या. पूर्ण वाढलेली मादीसुद्धा जेमतेम तीन सेंटिमीटरची. नवख्यांना सांभाळायला ही जात सगळ्यात सोपी, पण टाकी तयार असेल तरच. नव्या टाकीत आणून टाकलेल्या कोळंब्या पहिल्या पंधरवड्यात एकेक करून मरतात आणि माणूस हा नाद सोडून देतो, हे फार वेळा होतं. म्हणून इथे सगळा भर कोळंबी आणायच्या आधीच्या दिवसांवर दिला आहे.

टाकी भरल्यावर किती दिवसांनी कोळंबी सोडायची?

सहा ते आठ आठवड्यांनी. त्याआधी नको.

दोन वेगळ्या गोष्टी तयार व्हायला हा वेळ लागतो आणि लोक बहुधा पहिलीचाच विचार करतात. पहिली गोष्ट जिवाणूंची. टाकीतली विष्ठा, उरलेलं खाणं, कुजलेली पानं यांपासून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही कोळंबीला घातक. नायट्रेट थोड्या प्रमाणात चालतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, काचेवर हळूहळू वाढतात. त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

दुसरी गोष्ट बुळबुळीत थराची. काच, दगड, पानं, लाकूड यांवर जिवाणू, सूक्ष्म शेवाळ आणि बारीक जीवांचा जो पातळ थर चढतो, तेच कोळंबीचं खरं अन्न. माशाला वरून खाणं टाकून भागतं. कोळंबी मात्र दिवसभर खरवडून खाणारा जीव आहे, आणि पिल्लं तर जवळपास याच थरावर जगतात. चाचणीत अमोनिया शून्य आला तरी टाकी चकचकीत स्वच्छ असेल, तर तिथे कोळंबीला खायला काही नाही. काचेवर आधी तपकिरी आणि मग हिरवी झाक दिसायला लागली की समजायचं, स्वयंपाक सुरू झाला.

टाकी केवढी घ्यावी?

किमान 20 लिटरची. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ 28 लिटर पाणी मावतं. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर 22-23 लिटर. सुरुवातीला हा आकार छान. जागा असेल तर दीड फुटी घ्या.

पाच लिटरच्या बरणीत किंवा गोल भांड्यात कोळंबी ठेवलेले फोटो सगळीकडे दिसतात. पाणी कमी असलं की दुपारच्या उन्हाने ते लवकर तापतं, चिमूटभर जास्त पडलेल्या खाण्याने नासतं, आणि बाष्पीभवनाने त्यातले क्षार झपाट्याने वाढतात. अनुभवी माणूस बरणीही सांभाळेल. पहिल्यांदा करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

काचवाल्याकडून बनवून घेतली तर चालेल का?

चालेल. एक फुटी टाकीला पाच मिलिमीटरची काच पुरते. फक्त सिलिकॉन कोणतं वापरणार ते विचारा. बाथरूमसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशी मारणारं औषध मिसळलेलं असतं; ते पाण्यात उतरतं. टाकीसाठीचं साधं, बुरशीनाशक नसलेलं सिलिकॉन हवं. जोडल्यावर आंबट व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत थांबा. मग टाकी साध्या पाण्याने धुऊन, भरून एक-दोन दिवस बाल्कनीत ठेवा. गळती असेल तर तिथेच कळेल. साबण, फिनेल, काच पुसायचा स्प्रे आत-बाहेर कुठेही लावू नका. टाकीसाठी बादली, मग आणि फडकं वेगळं ठेवा आणि घरात सगळ्यांना तसं बजावून सांगा.

खाली अर्ध्या इंचाचा थर्मोकोल घाला. भरलेली एक फुटी टाकी तीस किलोच्या वर जाते, त्यामुळे भिंतीतल्या डुगडुगत्या फळीवर नको.

कोणतं पाणी वापरायचं? नळाचं, बोअरचं की आरओचं?

याचं उत्तर तुमच्या घरी कोणतं पाणी येतं यावर आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

चेरी श्रिम्पला पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, साधारण 6.8 ते 7.8 लागतो. पाण्याचा जडपणा, म्हणजे जीएच, 6 ते 12 अंश. केएच, म्हणजे पीएच घसरू न देणारा क्षारपणा, 2 ते 8. एकूण विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, 150 ते 300 पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) आसपास. यात जीएच सगळ्यात महत्त्वाचा. तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचं प्रमाण सांगतो आणि कोळंबी कवच बनवते ते यातूनच.

मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा या धरणांचं पाणी येतं, पुण्याला खडकवासल्याचं. पावसाचं साठलेलं पाणी असल्याने ते मऊ असतं. क्लोरीन काढलं की मासे त्यात मजेत राहतात, कोळंबीला मात्र खनिजं कमी पडू शकतात. अशा पाण्यात कोळंबीसाठी मिळणारी जीएच वाढवणारी खनिजांची पावडर घालावी लागते. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणाऱ्या समुद्रफेणाचा तुकडाही टाकीत ठेवता येतो, पण तो फार सावकाश विरघळतो आणि त्यातून कॅल्शियम मिळतं, मॅग्नेशियम नाही. आधार म्हणून ठीक, त्याच्यावरच भिस्त नको.

बोअरच्या पाण्याचं उलटं. दख्खनच्या काळ्या खडकातून उपसलेलं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. किटलीत पांढरा थर धरत असेल आणि साबणाला फेस येत नसेल, तर जीएच वीसच्याही वर असू शकतो. अशा वेळी आरओचं पाणी मिसळायचं. हिशेब सोपा आहे: बोअरचा जीएच 20 असेल, आरओचा जवळपास शून्य, तर एक भाग बोअर आणि दोन भाग आरओ मिळून सातच्या जवळ येतो. मिसळल्यावर मोजून खात्री करा, कारण घरगुती आरओमध्ये चव यावी म्हणून कच्चं पाणी थोडं मिसळायची सोय असते आणि ती किती उघडी आहे ते यंत्रागणिक बदलतं. आरओच्या वाया जाणाऱ्या नळीतलं पाणी चुकूनही टाकीत नको. सगळे क्षार तिथे एकवटलेले असतात.

निव्वळ आरओचं पाणी वापरायचं असेल तर खनिज पावडर घालावीच लागते. नुसत्या आरओत कोळंबीला कवच बनवायला काहीच मिळत नाही.

टँकरवर अवलंबून असलेल्यांनी विशेष जपावं. आज पालिकेचं, उद्या कुठल्या तरी विहिरीचं, परवा बोअरचं पाणी येतं. अशा सोसायटीत आरओ अधिक खनिज पावडर हाच मार्ग मला पटतो, कारण प्रत्येक वेळी पाणी सारखंच तयार करता येतं. कोळंबी थोड्या कमी-जास्त आकड्यांशी जुळवून घेते. आकडे रोज बदलले तर मात्र मरते.

टीडीएस मीटर आहे. तेवढा पुरेसा नाही का?

नाही. पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते मीटर सांगतो, कोणते ते सांगत नाही.

नव्या गृहसंकुलांत सामाईक सॉफ्टनर बसवलेला असतो. तो पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम सोडतो. गिझर आणि नळ खराब होऊ नयेत म्हणून हे केलेलं असतं. त्या पाण्याचा टीडीएस 400 दिसेल आणि जीएच शून्य. मीटर बघून माणूस म्हणेल, भरपूर खनिजं आहेत. आणि कोळंब्या कात, म्हणजे जुनं कवच, टाकता टाकता मरतील. सोसायटीत सॉफ्टनर आहे का ते मॅनेजरला किंवा प्लंबरला विचारा. असेल तर ते पाणी टाकीसाठी वापरू नका.

म्हणून थेंबांची जीएच-केएच चाचणी घ्याच. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट यांच्याही थेंबांच्याच चाचण्या घ्या. कागदी पट्ट्या स्वस्त आणि झटपट असतात, पण अमोनिया थोडासाच असेल तर त्यांचा भरवसा वाटत नाही. ज्यांना सगळा संच परवडत नाही त्यांनी एखाद्या मित्राबरोबर अर्ध्या-अर्ध्या पैशांत घ्यावा. टाकीवरचा दिवा स्वस्तातला घेतला तरी चालेल, चाचणीत काटकसर नको.

क्लोरीनचं काय करायचं?

पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवलं, त्यात एअर स्टोन (पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा खडा) सोडला, तर क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर दुकानात मिळणारे अँटीक्लोरीनचे थेंब बाटलीवरच्या प्रमाणात घाला. पावसाळ्यात क्लोरीनचं प्रमाण वाढवतात. गावाकडे ग्रामपंचायत क्लोरीनची टीसीएल पावडर टाकते, त्या दिवशी नळाला उग्र वास येतो. सोसायटीची टाकी धुतल्यानंतरचे दोन दिवसही तसेच. अशा दिवशी पाणी बदलू नका, एवढं साधं पथ्य पाळलं तरी पुष्कळ.

वाळू कोणती?

चेरी श्रिम्पसाठी पाण्यावर काहीही परिणाम न करणारी बारीक खडी किंवा वाळू. गडद रंगाची घेतली तर लाल कोळंबी उठून दिसते आणि तिचा रंगही गडद राहतो. थर एक-दीड इंच.

पीएच उतरवणारी महागडी माती ज्या क्रिस्टल किंवा बी श्रिम्पसाठी असते, त्यांना मऊ, आम्लधर्मी आणि थंड पाणी लागतं. चेरीला तिची गरज नाही. शिवाय नवीन माती सुरुवातीचे काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडते.

नदीची वाळू किंवा ओढ्यातले दगड आणलेत तर आधी त्यांवर व्हिनेगरचे थेंब टाकून बघा. बुडबुडे आले तर चुना आहे, पाणी जड होत राहील. सह्याद्रीचा काळा दगड टाकीत सुरेख दिसतो आणि तो सहसा पाण्यात काही सोडत नाही. पण त्याच्या पोकळ्यांमध्ये पांढरे खडे भरलेले असतात. काही झिओलाइट या खनिजाचे, काही कॅल्साइटचे, म्हणजे चुन्याच्या खनिजाचे. थेंब त्या पांढऱ्या जागेवरच टाका. कॅल्साइट असेल तर फेस येतो, झिओलाइट असेल तर बहुधा काही होत नाही.

फिल्टर कोणता, आणि वीज गेली तर?

स्पंज फिल्टर आणि साधा एअर पंप. याहून चांगलं कोळंबीसाठी काही नाही, आणि हे सगळ्यात स्वस्तही आहे. पिल्लं जेमतेम दोन मिलिमीटरची असतात. मोटरवाल्या फिल्टरमध्ये ती ओढली जातात. स्पंजवर उलट ती चरत बसतात.

पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात येतं. दोन-चार तासांच्या लोडशेडिंगने कमी कोळंब्यांच्या, वनस्पती असलेल्या टाकीला काही होत नाही. वीज फार जात असेल तर बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा.

टाकी सायकल करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

म्हणजे वर सांगितलेले जिवाणू आधीच वाढवायचे. पाणी भरा, फिल्टर चालू करा, आणि कोळंबी नसतानाही जिवाणूंना खाऊ द्या. माशांच्या खाण्याची छोटी चिमूट एक-दोन दिवसांआड टाकत राहा. ते कुजतं आणि अमोनिया तयार होतो. काही जण बाजारातल्या कोळंबीचा एखादा सोललेला तुकडा जाळीच्या पिशवीत टांगतात. काम होतं, वास मात्र येतो. नीट मोजून करायचं असेल तर शुद्ध अमोनियम क्लोराइडने पाण्यातला अमोनिया 2 पीपीएमपर्यंत न्यायचा.

पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात अमोनिया चढतो. मग तो उतरायला लागतो आणि नायट्राइट चढतं. हा मधला काळ सगळ्यात लांबतो. नायट्राइट आठवडाभर हलतच नाही, आणि इथे बहुतेकांचा धीर सुटतो. काही बदलू नका, फिल्टर धुऊ नका. एक दिवस ते अचानक खाली येतं आणि नायट्रेट दिसू लागतं.

मऊ पाणी असलेल्यांनी या काळात केएचकडे लक्ष द्यावं. अमोनियाचं रूपांतर करताना जिवाणू पाण्यातला क्षारपणा खर्च करतात. मुळातच कमी केएच असलेल्या पाण्यात तो संपतो, पीएच घसरतो आणि जिवाणूंचं काम थंडावतं. सायकल अडकलीय असं वाटलं तर आधी पीएच बघा. केएच संपलं असेल तर थोडं पाणी बदलून ताजं घाला.

अमोनियाचा आकडा एकटा वाचू नका हेही इथेच सांगतो. 25 अंशांवर, पीएच 7 असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच 8 झाला की तोच पाच टक्क्यांवर जातो. बहुधा जास्त पीएच असलेल्या बोअरच्या पाण्यात थोडासा अमोनियाही महागात पडतो तो यामुळे.

लवकर करायचा काही उपाय?

आहे. ओळखीच्या कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरचा स्पंज तुमच्या टाकीत पिळा, किंवा तुमचा नवीन स्पंज त्यांच्या टाकीत महिनाभर ठेवून मग आणा. हे दुधाला विरजण लावण्यासारखं आहे. जिवाणू तयारच येतात. मात्र ज्या टाकीत नुकतं औषध घातलंय किंवा मासे आजारी आहेत, तिथलं काही आणू नका.

बाटलीतले जिवाणू चांगले असतील तर मदत करतात. पण उन्हात तापलेल्या गोदामात बाटली किती दिवस पडून होती ते आपल्याला कळत नाही, म्हणून ती ओतली तरी चाचण्या चालू ठेवा. आणि जिवाणू उसने आणता येतात, बुळबुळीत थर नाही. स्पंज जुना असला तरी टाकीला तीन-चार आठवडे द्या.

कोणत्या वनस्पती लावू?

जावा मॉस पहिलं. पिल्लांना लपायला आणि चरायला याच्यासारखी जागा नाही. जावा फर्न, अनुबियास, हॉर्नवर्ट, गप्पी ग्रास या सगळ्या कमी उजेडात, खताशिवाय तगतात. दिवा सहा ते आठ तास पुरे.

धोका वनस्पतींसोबत येणाऱ्या गोष्टींचा. मोठ्या प्रमाणावर वाढवलेल्या वनस्पतींवर कधीकधी कीटकनाशक मारलेलं असतं. माशांना त्याचा त्रास होणार नाही, कोळंब्या काही तासांत आडव्या होतील. नवीन वनस्पती वेगळ्या बादलीत आठ-दहा दिवस ठेवा आणि रोज पाणी बदला. दुसरा धोका चतुर आणि टाचणीच्या अळ्यांचा. पाणवनस्पतीच्या देठात अंडी असतात, त्यातून निघालेली अळी रोज कोळंबी खाते आणि हिरवट-तपकिरी असल्यामुळे मॉसमध्ये दिसतही नाही. बादलीतल्या त्या दहा दिवसांत पांढऱ्या ताटलीत मॉस पिंजून नीट बघा.

बदामाची पानं टाकतात ती का? कुठली घ्यायची?

आपल्या रस्त्याकडेला, शाळांच्या आवारात असतो तो देशी बदाम. कोकणात तर दारोदारी. त्याची झाडावरून आपोआप गळलेली, लाल-तपकिरी होऊन वाळलेली पानं घ्यायची. हिरवी तोडलेली नाही. वर्दळीच्या रस्त्यावरची, फवारणी झालेल्या बागेतली नको.

पान धुऊन, गरम पाण्यात भिजवून टाका. दोन-तीन दिवसांनी ते बुडतं, पाण्याला फिकट चहाचा रंग येतो. आठवड्याने पानाला हात लावला तर बुळबुळीत लागतं. तोच तो थर. पुढे कोळंब्या आल्या की बघा, पुढचे इवले पाय आलटून पालटून तोंडाशी नेत त्या पानावरून इंचाइंचाने सरकतात. मऊ भाग सगळा खाऊन होतो आणि शेवटी शिरांची जाळी तेवढी शिल्लक राहते. एक फुटी टाकीला एका वेळी एक पान पुरे. टाकी सायकल होत असतानाच पहिलं पान टाका म्हणजे कोळंब्या येतील तेव्हा जेवण वाढलेलं असेल.

लाकडावर पांढरी, चिकट बुरशी आली आहे. काढू?

राहू दे. नवीन लाकडावर ती येतेच, निरुपद्रवी असते, आणि कोळंब्या ती खाऊन टाकतात.

काचेवर बारीक किडे दिसताहेत. टाकी बिघडली का?

उड्या मारत फिरणारे पांढरे ठिपके आणि पाण्यात वळवळणारे केसासारखे किडे म्हणजे टाकी जिवंत होत असल्याची खूण. त्यांना हात लावू नका. छोटे गोगलगायींसारखे शंखही चालतील, ते उरलेलं खाणं संपवतात.

दोन मात्र घालवायला हवेत. काचेला चिकटलेला, दोऱ्यासारख्या भुजा पसरलेला हायड्रा. आणि बाणासारख्या त्रिकोणी डोक्याचा, काचेवरून सरपटत जाणारा चपटा प्लॅनेरिया. दोन्ही पिल्लांना धोकादायक. कोळंबी नसतानाच त्यांचा बंदोबस्त करणं सोपं जातं. खाणं कमी करा, हाताने काढा. फेनबेन्डाझोल या जंतनाशकाने प्लॅनेरिया मरतो, पण काही जातींच्या शंखांनाही ते मारक आहे.

घरात डासांचं लिक्विड लावतो. चालेल?

टाकी असलेल्या खोलीत अजिबात नाही. या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत देऊन चालणार नाही. डास पळवणारी लिक्विड, कॉइल, झुरळांचे स्प्रे, मुंग्यांचे खडू यांत पायरेथ्रॉइड गटातली औषधं असतात. ती कीटकांसाठी बनवली आहेत, आणि कोळंबी ही कीटकांची जवळची नातलग. अत्यल्प मात्राही तिला पुरते. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, हे लक्षात घ्या.

टाकी असलेल्या खोलीत खिडक्यांना जाळ्या आणि मच्छरदाणी. पेस्ट कंट्रोल होणार असेल तर टाकी आधीच दुसऱ्या घरी हलवणं उत्तम. ते शक्यच नसेल तर पंप बंद, टाकी ओल्या चादरीने घट्ट झाकलेली, आणि नंतर खोली पूर्ण हवेशीर झाल्यावरच उघडायची. पावसाळ्यात गल्लीत धूरफवारणी करतात तेव्हा खिडक्या बंद करून पंप थोडा वेळ थांबवा. टाकीत हात घालण्याआधी हाताला डासांचं क्रीम, लोशन, साबण काही नसावं.

हे जमणार नसेल, घरात तान्हं बाळ असेल आणि लिक्विडशिवाय भागत नसेल, तर कोळंबी आत्ता आणू नका.

तांब्याबद्दल एवढं का सांगतात?

तांबं कोळंबीला विषारी आहे. माशांच्या कित्येक औषधांत आणि शेवाळ मारायच्या द्रवांत तांब्याचे क्षार असतात. सेकंडहँड टाकी घेत असाल तर तिच्यात कधी औषध घातलं होतं का ते विचारा. गिझरचं पाणी वापरू नका. आणि रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवलेलं पाणी माणसांनी प्यावं, टाकीत ओतू नये.

मे महिन्यात पाणी 32 अंशांवर जातं. काय करू?

चेरीला 20 ते 26 अंश मानवतं, 28पर्यंत चालून जातं. त्यापुढे दोन अडचणी येतात. कोळंबीची हालचाल आणि प्राणवायूची गरज वाढते, आणि नेमका पाण्यातला प्राणवायू घटतो: 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम विरघळू शकतो, 30 अंशांना साडेसात.

टाकी पश्चिमेच्या भिंतीला, खिडकीशी, फ्रिजवर नको. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, शक्यतो खाली ठेवा. झाकणाऐवजी जाळी लावा आणि पाण्यावरून वारा जाईल असा छोटा पंखा लावा; दोन-तीन अंश उतरतात. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत हा उपाय छान चालतो, मुंबई-कोकणच्या दमट हवेत कमी. पंख्याने पाणी झपाट्याने आटतं, तेव्हा भर घालताना आरओचं पाणी घाला. वाफ होते ती पाण्याची, क्षार मागेच राहतात. खनिजांचं पाणी भरत गेलात तर जीएच चढत जाईल. बर्फाचे खडे टाकू नका, त्या धक्क्यानेच कोळंब्या जातील.

नागपूर-अकोल्याकडच्यांना माझा सल्ला असा की पहिली टाकी मे महिन्यात लावायला घेऊ नका. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू करा, दिवाळीच्या सुमारास कोळंब्या आणा. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टाकी मुरलेली असेल.

टाकी तयार झाली हे कसं ओळखायचं?

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट 20च्या आत. खाण्याची चिमूट टाकल्यानंतर दुसऱ्या दिवशीही पहिले दोन शून्यच. दोन आठवडे पीएच, जीएच आणि तापमान जवळपास स्थिर. आणि डोळ्यांनी दिसणारं: काचेवर हिरवी झाक, मॉसला नवे कोंब, दगडाला हात लावला तर निसरडा. नायट्रेट जास्त असेल तर सोडण्याआधी पाणी बदला.

कोळंब्या पिशवीतून थेट सोडायच्या का?

नाही. पिशवीतल्या कोळंब्या त्यांच्या पाण्यासकट छोट्या भांड्यात काढा. टाकीतून एअरची बारीक नळी त्या भांड्यात सोडा, नळीला गाठ मारून सेकंदाला एक-दोन थेंब पडतील असं करा. दोन ते तीन तास. भांड्यातलं पाणी तिप्पट झालं की जाळीने कोळंब्या उचलून टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. दिवा त्या दिवशी बंद. विकणाऱ्याला त्याच्या पाण्याचा जीएच आणि टीडीएस आधीच विचारून ठेवला तर किती वेळ द्यायचा याचा अंदाज येतो. हे आकडे सांगू शकणारा विक्रेता दोन पैसे जास्त घेत असला तरी त्याच्याकडूनच घ्या.

किती आणायच्या? वेगवेगळे रंग एकत्र चालतील का?

दहा ते पंधरा, छोट्या वयाच्या, म्हणजे नर-मादी दोन्ही मिळतात आणि लहान कोळंब्या नव्या पाण्याशी लवकर जुळतात. एकाच रंगाच्या घ्या. सगळे रंग एकाच जातीचे असल्यामुळे त्यांचा आपसात संकर होतो आणि काही पिढ्यांत पिल्लं मूळच्या मातकट रंगाकडे जातात. मासे सध्या नकोत. गप्पीसुद्धा पिल्लं टिपतो.

सोडल्यावर पहिल्या आठवड्यात काय करायचं?

जवळपास काही नाही. त्या लपून बसतील, त्यांना शोधायला दगड उचलू नका. पहिले दोन-तीन दिवस खाणं टाकू नका. मग आठवड्यातून दोन-तीनदा मोहरीएवढा दाणा, आणि दोन तासांत संपला नाही तर काढून टाका.

तळाशी पारदर्शक, पोकळ कोळंबी पडलेली दिसली तर घाबरू नका, ती टाकलेली कात असते. तशीच राहू द्या, त्या ती खाऊन खनिजं परत मिळवतात. मेलेली कोळंबी गुलाबीसर-पांढरी, अपारदर्शक दिसते. ती लगेच काढा. मानेमागे कवचाला सगळीकडून पांढरी चीर दिसत असेल तर कात टाकताना अडचण येतेय असं समजा. आधी जीएच मोजा आणि एका वेळी जास्त पाणी बदलणं थांबवा. आठवड्याला दहा टक्के, टाकीच्याच तापमानाचं पाणी, हळूहळू ओतत.

गावच्या ओढ्यातली छोटी कोळंबी आणून पाळली तर?

नको. ओढ्या-नद्यांतल्या बऱ्याच कोळंब्या मॅक्रोब्रॅकियम या गटातल्या, लांब नांगीच्या असतात. मोठ्या झाल्या की टाकीतल्या छोट्या जीवांना खातात. सोबत परजीवीही येतात. त्या तिथेच बऱ्या.

संख्या फार वाढली तर तळ्यात सोडू का?

कधीच नाही, विहिरीतही नाही. चेरी श्रिम्प युरोपात लोकांनी सोडून दिल्यामुळे काही ठिकाणच्या उबदार पाण्यात वस्ती करून राहिली आहे. आपल्याकडे तर पाणी मुळातच उबदार. सह्याद्रीच्या ओढ्यांत आपल्या स्वतःच्या छोट्या कोळंब्या आहेत, त्यांच्या वाट्याला ही बाहेरची गर्दी आणि तिचे रोग यायला नकोत. टाकीचं बदललेलं पाणीही ओढ्यात न टाकता कुंड्यांना घाला. जास्तीच्या कोळंब्या नवीन टाकी लावणाऱ्या कुणाला तरी द्या, आणि देताना जुना पिळलेला स्पंज आणि मॉसची मूठही सोबत द्या.